कॉपरबँड आणलाय, पण तोंड लावत नाही – नवा समुद्री मासा रुळवायचा कसा?

खाडीकाठ (कुडाळ)

नमस्कार मंडळी,

मुंबईहून कॉपरबँड बटरफ्लाय मासा आणलाय. रात्रीच्या कोकणकन्येने, थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून. सध्या शंभर लिटरच्या क्वारंटाईन टाकीत आहे. त्यात मुख्य टाकीच्या संपमध्ये (खालच्या गाळणीच्या टाकीत) मुरवलेला स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढंच आहे. तापमान २६ अंश. दुकानातल्या पाण्याची घनता (खारटपणाचं माप) १.०१९ होती, म्हणून क्वारंटाईनचं पाणीही तेवढंच धरलंय.

मासा देखणा आहे, डोळे स्वच्छ, पंख फाटलेले नाहीत. पण खात नाही. फ्रोझन मायसिस (बारीक झिंग्यांसारखे जीव) सोडली की जवळ येतो, एक डोळा लावून बघतो आणि वळतो. पेलेटकडे (कोरड्या दाण्यांकडे) तर ढुंकूनही बघत नाही. मी खोलीत शिरलो की थेट पाइपात.

मुख्य टाकी पाच बाय दोन बाय दोन फुटांची, वर्षाहून जुनी. कृत्रिम खडक, त्यावर आयप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) माजलाय. दोन क्लाऊन आणि एक डोमिनो डॅमसेल हे मासे आहेत. किती दिवस वाट बघायची, काय घालून बघायचं, खाण्याला लसणाचा रस लावतात तो लावू का? जाणकारांनी सांगावं.

निळीभरती (अलिबाग)

मासा सुंदरच असतो हा. लसूण लावून बघा, माझ्याकडे क्लाऊनने लगेच खाल्लं होतं. ड्रिप (पिशवीत थेंब थेंब टाकीचं पाणी घालणं) किती वेळ दिलंत? मी तीन-चार तास देते.

मीठपाणी (रत्नागिरी)

दादा, खायला काय घालायचं ते नंतर बघू. आधी चार गोष्टी सांगा. कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात? वरून पाहिलं तर डोक्यामागचा भाग खचलाय की भरलेला आहे? विष्ठा दिसली का, दिसली तर रंग कसा? आणि दुकानात तुमच्यासमोर खाल्लं होतं का?

खाडीकाठ (कुडाळ)

ताई, कल्ले सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान. दूर बसून, घड्याळ लावून मोजले. वरून भरलेला वाटतो, पोट सपाट आहे पण आत गेलेलं नाही. विष्ठा अजून दिसली नाही. दुकानात दगडावर टोचत होता, पण फ्रोझन घालून दाखवा म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, आताच खाऊन झालंय.

दीपगृह (देवगड)

"आताच खाऊन झालंय" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. कॉपरबँड, मूरिश आयडॉल, रीगल एंजल, मँडरिन हे मासे डोळ्यांदेखत खाल्ल्याशिवाय उचलायचे नाहीत. दुकानदाराला म्हणावं, पैसे घ्या, मासा आठवडाभर तुमच्याकडेच ठेवा, मी पुन्हा येतो. आठवडाभर दुकानात राहून खाणारा मासा निम्मा जिंकलेला असतो. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

आता आणलाच आहे तर मीठपाणी ताईंचं ऐका. माझ्याकडचा एक उपाय आहे, तो त्यांचं झालं की लिहितो.

मीठपाणी (रत्नागिरी)

उत्तर वाचून हायसं वाटलं. सत्तर-ऐंशी म्हणजे श्वास ठीक. शंभराच्या वर सतत राहिला असता, मासा वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड करून उभा राहिला असता, उजेड टाळत असता, तर मी खाण्याचं नावही काढलं नसतं. ती वेल्व्हेट नावाच्या परजीवी रोगाची लक्षणं असतात आणि वेल्व्हेट दोन-तीन दिवसांत मासा नेतो. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही.

न खाण्याच्या दोन जाती असतात आणि सगळा घोळ त्या एकत्र केल्याने होतो. एक, माशाला भूक नाही, म्हणजे तो आजारी आहे किंवा पकडताना आतून बिघडलाय. फिलिपाईन्स-इंडोनेशियाच्या पट्ट्यात काही ठिकाणी अजून सायनाइड मारून मासे धरतात; असा मासा बाहेरून धडधाकट दिसतो आणि हळूहळू ढासळतो. दोन, भूक आहे, पण भीती भुकेपेक्षा मोठी आहे, किंवा समोर पडलंय ते अन्न आहे हेच त्याला कळत नाही. तुमचा मासा जवळ येऊन, एक डोळा लावून बघतोय. हा दुसरा प्रकार आहे, आणि त्यावर इलाज आहे.

त्याच्या बाजूने विचार करा. कॉपरबँड निसर्गात दिवसभर खडकाच्या फटींत तोंड घालून एकेक घास टिपतो. नळीत राहणारे किडे, बारीक झिंगे, असलं काही. पाण्यातून वरून खाली तरंगत येणारं अन्न त्याच्या ओळखीचं नाही. तिथून तो जाळ्यात, मग पिशवी, मग निर्यातदाराची टाकी, विमान, दुकान, पुन्हा पिशवी, रेल्वे. प्रत्येक ठिकाणी वेगळं पाणी, वेगळा उजेड, काचेवर बोटं मारणारी माणसं. आणि आता चारी बाजूंनी उघडी काच आणि तळाला पांढरा पाइप. मायसिस चांगली की वाईट हा प्रश्नच अजून त्याच्यापर्यंत पोचलेला नाही.

म्हणून आधी एवढं करा. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा, काचेतलं प्रतिबिंब बंद होईल. दिवा एक-दोन दिवस लावूच नका, खोलीतला उजेड पुरे. पाइप जाड आणि वेगवेगळ्या उंचीवर ठेवा, पांढरे असतील तर करड्या रंगाचे घ्या. टाकीजवळून माणसांची ये-जा कमी. दर तासाला जाऊन डोकावायचं नाही. बघायचंच असेल तर दूर खुर्ची टाकून, न हलता बसा. माणूस म्हणजे धोका नाही हे माशाला कळायला वेळ लागतो, आणि दर वेळी आपण घाईने पुढे गेलो की तो वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो.

लसणाबद्दल: वासाने काही मासे पुढे येतात, हे खरं. पण तो औषध नाही आणि तुमच्या माशाची अडचण वासाची नाही. वापरलात तर थेंबभर, पण भरवसा त्यावर ठेवू नका.

रापणकर (मालवण)

ताईंनी सांगल्यानी ता बरोबर. पावणो इलो तर आदी पाय धुवक पाणी देतत, मगे ताट वाढतत. माशाक आदी रवाक जागा व्हयी.

निळीभरती (अलिबाग)

मीठपाणी, ड्रिपबद्दल पण सांगा ना. खाडीकाठ यांनी पाणी दुकानाइतकंच ठेवून मासा लगेच सोडला असं दिसतंय. हे चालतं?

मीठपाणी (रत्नागिरी)

चालतं नव्हे, लांबून आलेल्या माशासाठी तेच बरं. बंद पिशवीत मासा श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्याच पाण्यात त्याचा अमोनियाही साठत असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो, आणि त्याचा त्रास कमी होतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात मासा तीन-चार तास ठेवून थेंब थेंब पाणी घालत बसलं, तर कल्ले भाजून निघतात. मग मासा आठवडाभर खात नाही आणि आपण फ्रोझनच्या पाकिटाला दोष देतो.

रेल्वेने, कुरियरने आलेला मासा असेल तर पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगवायची, तापमान जुळलं की उघडायची आणि मासा हातानेच किंवा डब्याने उचलून आधीच जुळवून ठेवलेल्या पाण्यात सोडायचा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. दुकान घरापासून अर्ध्या तासावर असेल तर ड्रिप चालेल, अमोनिया साठायला तेवढा वेळच मिळालेला नसतो.

सॅलिनिटीचंही (खारटपणाचंही) तसंच. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून तो सतत पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतून टाकत राहतो. कमी खारटातून एकदम जास्त खारटात टाकलं की ही सगळी यंत्रणा दमते. उलटं, जास्तातून कमीकडे जाणं त्याला सोपं. म्हणून १.०१९ वरून १.०२५ ला सावकाश न्या, रोज एक-दोन हजारांशापेक्षा जास्त नको. आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारात ३५ भाग मिठाच्या, द्रावणाने तपासून घ्या. साध्या पाण्याने शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर वरच्या टोकाला चुकलेला असू शकतो.

दीपगृह (देवगड)

आता माझा उपाय. आपण कोकणात राहतो याचा फायदा घ्या.

बाजारातून जिवंत तिसऱ्या (खायचे शिंपले) आणा. मुळे या जातीचे शिंपले मिळाले तरी चालतील, पण कोळणीला विचारून स्वच्छ जागेतले घ्या. गटार मिसळणाऱ्या खाडीतले नकोत, कारण शिंपला पाणी गाळून जगतो आणि पाण्यातली घाण त्याच्यात साठते. घरी आणून ब्रशने घासून धुवा आणि डीप फ्रीजमध्ये टाका. निदान दोन-तीन दिवस गोठलेल्या राहू द्या. आपल्याच समुद्रातला माल आहे, त्याबरोबर परजीवी येऊ शकतात, गोठवल्यावर बहुतेक मरतात. ही पायरी गाळायची नाही.

एक तिसरी काढा, थोडी सुटली की सुरीचं टोक बिजागराच्या बाजूने आत घालून उघडा. वरची शिंपी टाकून द्या. मांस खालच्या शिंपीला चिकटलेलंच राहू द्या. ते कापू नका, सोलू नका, सगळी गंमत तिथेच आहे. ही अर्धी शिंपी पाइपाच्या तोंडाशी किंवा दोन पाइपांच्या फटीत तिरकी अडकवा, मांस बाहेरच्या बाजूला. मग खोलीतून निघून जा.

मांसाच्या काठावरची ती झालर आणि दोन नळ्या पाण्याच्या प्रवाहात हलतात. कॉपरबँड आधी लांबून फेऱ्या मारतो, पाठीचे काटे उभे करतो, डोकं खाली-शेपूट वर अशा तिरक्या अंगाने जवळ येतो. मग तोंडाचं टोक झालरीखाली घालून एक झटका देतो. शिंपीला मांस घट्ट असल्यामुळे ते ओढावं लागतं. त्याच्या लांबुडक्या तोंडाचं कामच ते आहे. सैल पडलेल्या तुकड्याला न शिवणारे मासे चिकटलेल्या मांसाला टोचतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

दोन तासांनी शिंपी बाहेर काढा, खाल्लं असो वा नसो. शंभर लिटरमध्ये मांस कुजलं की अमोनिया चढायला वेळ लागत नाही. अमोनियाचं टेस्ट किट रोज वापरा आणि वीस-तीस लिटर तयार खारं पाणी बाजूला भरून ठेवा.

जांभाखडक (वेंगुर्ला)

दीपगृह काका, शिंपीपेक्षाही सोपं सांगू? ओहोटीला आमच्याकडे कातळ उघडे पडतात, त्यावर नळीवाले किडे, बारीक खेकडे, सगळं असतं. तो एखादा दगड उचलून टाकला तर माशाला घरचंच अन्न. मालवणला तर समुद्रात प्रवाळाचेही दगड आहेत, म्हणजे अजूनच चांगलं.

रापणकर (मालवण)

नाही हां. याक मात्र माझो विरोध. हे मराठीतच लिहितो, म्हणजे सगळ्यांना कळेल.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालंय, तिथून दगड, शिंपले, मासे काहीच उचलायचं नाही. आणि अभयारण्याबाहेरही प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला, पांढरा झालेला, लाटेने किनाऱ्यावर आलेला तुकडासुद्धा घरात ठेवणं गुन्हा आहे. समुद्रघोड्यांनाही त्याच कायद्याचं संरक्षण आहे. कोणी विकत असला तरी घेऊ नका.

कायदा बाजूला ठेवा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली किती प्रवाळ शिल्लक आहे ते आम्ही बघतो. बोटींचे नांगर, वाढलेलं तापमान, वर आमची हौस. एका माशाच्या दोन दिवसांच्या जेवणासाठी तो दगड तिथून निघाला की परत बनायला किती वर्षं लागतील याचा विचार करा. तिसरी बाजारात विकत मिळते, तीच घ्या.

जांभाखडक (वेंगुर्ला)

प्रवाळाचा मुद्दा मान्य, ते सोडून देतो. साध्या कातळाचा दगड?

मीठपाणी (रत्नागिरी)

साधा दगडही क्वारंटाईनमध्ये नको. त्याबरोबर काय काय येईल ते दिसत नाही. एक बारीक खेकडा, एक काटेरी बोटांचा झिंगा रात्री माशाच्या कल्ल्यांशी खेळ करू शकतो. आणि उद्या परजीवींवरचं तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर चुनखडीचा दगड तांबं शोषून घेतो, प्रमाणच राखता येत नाही. क्वारंटाईन टाकी ओकीबोकी दिसते, ती दिसू द्या.

ओहोटी (दापोली)

धागा वाचतोय, फार उपयोगी. माझ्याकडे मँडरिन आहे, तोही फ्रोझन खात नाही, बारीक होत चाललाय. तिसरीचा उपाय त्याला चालेल का?

दीपगृह (देवगड)

नाही चालणार. मँडरिनला जिवंत कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव) लागतात आणि तेही दिवसभर. टाकी मोठी, जुनी, खडकांनी भरलेली आणि त्याच्याशी अन्नासाठी स्पर्धा करणारा दुसरा मासा नसलेली असावी लागते. तुमची टाकी कधीपासून चालू आहे?

ओहोटी (दापोली)

तीन महिने. दोन फुटांची.

दीपगृह (देवगड)

मग मोठी मुरलेली टाकी असलेल्या कोणाला तरी देऊन टाका, आणि लवकर. तोपर्यंत आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक झिंग्यासारख्या जीवाची) अंडी उबवून ताजी पिल्लं ड्रॉपरने तोंडाजवळ सोडा, दिवसातून चार-पाच वेळा. आपल्या हवेत चोवीस ते छत्तीस तासांत फुटतात. फुटल्यावर लगेच द्या. पिल्लांच्या अंगातली पिवळी पिशवी संपली की त्यांच्यात पोषण फारसं उरत नाही. पण हे तात्पुरतं आहे, त्यावर मँडरिन पोसला जात नाही. कठोर वाटेल, पण मासा वाचेल तो असाच.

खाडीकाठ (कुडाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. खबर देतो.

काळा कागद लावला, दिवा बंद ठेवला, घरात सगळ्यांना त्या खोलीत न जायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मासा पाइपाबाहेर जास्त वेळ दिसू लागला. काचेवर टकरा मारणं थांबलं. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या गोठवून एक लावली. पहिल्यांदा शिवलाच नाही, काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी लावली आणि मी दाराच्या फटीतून बघत होतो. अगदी लिहिलंय तसंच. काटे उभे, तिरका, दोनदा मागे सरला आणि मग झालरीचा एक तुकडा ओढला. तोंडात धरून पाइपात गेला. परत आला. शिंपी बाहेर काढली तेव्हा झालर पूर्ण गेली होती, मधलं मांस बाकी होतं.

आता पुढे काय? रोज तिसरीच द्यायची का?

मीठपाणी (रत्नागिरी)

छान! वाचूनच आनंद झाला.

रोज फक्त तिसरी मात्र नको. कच्च्या शिंपल्यांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते जीवनसत्त्व बी-१ मोडून टाकतं. काही दिवस चालतं. महिनोन्‌महिने तेवढंच दिलं तर मासा खात असूनही खंगतो. मांदेळीच्या जातीच्या माशांचंही तेच. आणि गोड्या पाण्यातला मासा किंवा कोंबडीचं काळीज घालणारेही भेटतात, ते तर देऊच नका. त्यातली चरबी समुद्री माशाला मानवत नाही.

तिसरी ही पायरी आहे. आता एकेक पायरी वर चढायची. उघडलेल्या तिसरीवर मांसाच्या सुरकुत्यांत मायसिस दाबून बसवा. मांस ओढताना ती आपोआप तोंडात जाईल. दोन-तीन दिवसांत मायसिस वाढवा, मांस कमी करा. मग रिकाम्या शिंपीत नुसती मायसिस, आणि शिंपी तिथेच, त्याच फटीत. त्याची खायची जागा ठरलेली आहे, ती बदलू नका. शिंपीतून खायला लागला की ड्रॉपरने शिंपीच्या अगदी वर थोडी सोडा. तरंगणारी मायसिस त्याने एकदा टिपली की अवघड भाग संपला.

मायसिस देताना गाळणीत घेऊन सुटू द्या आणि ते पाणी फेकून द्या. जीवनसत्त्वाचं द्रावण असेल तर दोन थेंब टाकून दहा मिनिटं मुरू द्या. दिवसातून एकदा भरपूर नको, चार वेळा थोडं थोडं. याचं पोटच तसं आहे, सतत टिपणाऱ्याचं.

रापणकर (मालवण)

ताज्या जवळ्याबद्दल कोणी बोललं नाही. होडी लागली की ओला जवळा मिळतो. पातळ थर करून पिशवीत गोठवला की चॉकलेटसारखा तुकडा मोडून देता येतो. आमच्याकडचे क्लाऊन, ट्रिगर, सगळे त्यावर तुटून पडतात.

दीपगृह (देवगड)

जवळा उत्तम, तो राहिलाच सांगायचा. पण होडीवरचाच घ्या. बाजारात तासन्‌तास पडलेला, बर्फाचं पाणी प्यालेला नको. दोनदा धुवून, गोठवून, आणि कॉपरबँडच्या तोंडाच्या मानाने बारीक कापून. वाळवलेला जवळा मात्र माशाला नाही. त्यात रेती असते आणि खारवलेलाही असतो.

पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हाची सोय मे महिन्यातच फ्रीजरमध्ये करून ठेवा. आणि आमच्याकडे त्या दिवसांत वीज जाते ती तासन्‌तास येत नाही, त्यामुळे फ्रीजरमध्ये एकदा सुटलेला माल परत गोठवून देऊ नका, टाकून द्या.

विजेवरून आठवलं. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात आहे ना? गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २६ वरून ३१ ला गेलेल्या पाण्यात मासा धापा टाकतो, आणि धापा टाकणारा मासा खात नाही. पंखा लावून पाणी गार करतात ते पुण्याच्या कोरड्या हवेत झकास चालतं, आपल्याकडे हवेत इतका दमटपणा की अंश-दीड अंशापलीकडे फरक पडत नाही. जमलं तर चिलर घ्या.

खाडीकाठ (कुडाळ)

एअर पंप आहे, इन्व्हर्टरवरही जोडलाय. चिलरचं बघतो.

मायसिस बसवलेली तिसरी खातोय. आज विष्ठाही दिसली, तपकिरी. एक शंका: एवढं खातोय तर आता तांब्याचं औषध सुरू करू का? अंगावर काही दिसत नाही, पण क्वारंटाईनमध्ये सगळे देतात असं वाचलं.

निळीभरती (अलिबाग)

मी देते. डाग दिसायची वाट बघत बसलं तर उशीर होतो.

मीठपाणी (रत्नागिरी)

तपकिरी विष्ठा म्हणजे चांगली बातमी. पांढरी, धाग्यासारखी लोंबणारी असती तर आतड्यातल्या परजीवींचा विचार करावा लागला असता.

तांब्याबाबत माझं मत ठाम आहे, निळीभरतीताईंना पटणार नाही कदाचित. तांब्याने भूक मरते. बटरफ्लाय त्याबाबत नाजूक. आत्ताच खायला लागलेल्या माशाला लगेच तांबं देणं म्हणजे मोठ्या कष्टाने आणलेली भूक हाताने घालवणं. आधी दोन-तीन आठवडे त्याला भरू द्या. मायसिस पाण्यातून टिपायला लागू द्या, डोक्यामागचा भाग गोल होऊ द्या. रोज टॉर्च तिरका धरून अंग बघा. मिठाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके दिसले तर तो इच, हाही परजीवी रोगच. सोनेरी धुळीसारखी झाक दिसली तर वेल्व्हेट. वेल्व्हेट दिसला तर मात्र मासा खातो की नाही ते न बघता त्याच दिवशी औषध.

देण्याची वेळ आलीच तर चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) तांबं, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवत, बाटलीवर दिलेल्या पातळीपर्यंत, आणि त्याच औषधाला चालणाऱ्या टेस्ट किटने रोज मोजून. अंदाजाने थेंब टाकायचे नाहीत. कमी पडलं तर परजीवी मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. आणि ते पाणी, ती जाळी, तो पाइप पुन्हा कधी मुख्य टाकीत जाणार नाही, तिथले झिंगे-गोगलगायी त्याने मरतील.

निळीभरती (अलिबाग)

पटलं, निदान कॉपरबँडसाठी तरी. पण टँग मासा आणला तर मी आधीच देईन. तो पहिल्या दिवसापासून नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) खातो आणि इच त्यालाच सगळ्यांत आधी होतो.

मीठपाणी (रत्नागिरी)

टँगसाठी माझाही विरोध नाही. मासा बघून ठरवायचं.

खाडीकाठ (कुडाळ)

मंडळी, मासा आता ड्रॉपरमधली मायसिस टिपतो. मी खोलीत गेलो की पाइपात जात नाही, उलट शिंपीच्या फटीशी येऊन उभा राहतो. सॅलिनिटी १.०२५ वर आली. अंग स्वच्छ. ताईंनी सांगितलं तेवढे आठवडे तो इथेच राहील, पण मुख्य टाकीत सोडताना डोमिनोची धास्ती वाटते. तो क्लाऊनलाही एका कोपऱ्याबाहेर येऊ देत नाही.

दीपगृह (देवगड)

धास्ती योग्यच आहे. तो डोमिनो तिथला मालक आहे. असल्या डॅमसेलमुळे छान खाणारा मासा पुन्हा उपाशी बसतो, जखम एकही न होता. नुसतं हुसकावणं पुरतं.

डोमिनो दुसऱ्या कोणाला देता आला तर उत्तम, कॉपरबँड मुख्य टाकीत सोडायच्या आधीच. नाहीच जमलं तर कॉपरबँड सोडायच्या दोन दिवस आधी डोमिनोला जाळीच्या डब्यात कोंडा. भांड्याच्या दुकानात झाकणाची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली मिळते ती चालते, आतला पाण्याचा प्रवाह तेवढा बघा. नव्या माशाला कोंडून जुन्याला मोकळं ठेवतात, मी उलटं सांगतोय, कारण मोकळं फिरून जागा ओळखायची गरज नव्याला आहे. त्याच वेळी दोन-चार खडकांची जागा बदला, म्हणजे डोमिनो बाहेर येईल तेव्हा त्याचीही जुनी हद्द मोडलेली असेल. दिवे मालवून, संध्याकाळी सोडा.

आणि तीच शिंपी मुख्य टाकीत घेऊन जा, तशीच एखाद्या फटीत अडकवा, पहिली मायसिस तिच्यातच द्या.

मीठपाणी (रत्नागिरी)

शिंपी न्यायला हरकत नाही, तांबं वापरलं नसेल तर. वापरलं असेल तर नवी तिसरी घ्या.

शिवाय मुख्य टाकीत गेल्यावर पहिले काही दिवस तो आयप्टेशियावर टोचताना दिसेलही कदाचित. त्यावर विसंबून मायसिस बंद करू नका, चार वेळचं खाणं चालूच ठेवा. काही कॉपरबँड आयप्टेशिया साफ करतात, काही बघतही नाहीत, आणि ते संपल्यावर पोट भरायला दुसरं काही लागतंच.

खाडीकाठ (कुडाळ)

समजलं. डोमिनो कोणाला हवा असेल तर सांगा, कुडाळला येऊन फुकट न्या. टाकी मोठी आणि बाकीचे मासे दांडगे असतील तरच. जाळीची टोपली उद्याच आणतो.

जांभाखडक (वेंगुर्ला)

मला चालेल. माझ्याकडे सहा फुटांत दोन ट्रिगर आहेत, तिथे त्याची दादागिरी चालणार नाही. रविवारी येतो. आधी माझ्या क्वारंटाईनमध्येच ठेवीन, त्यामुळे येताना तुमच्या पाण्याची सॅलिनिटी सांगा, तेवढंच जुळवून ठेवतो.